दारातला शब्द

त्या घरातून निघताना 'जातो' म्हणायची सोय नव्हती. 'येतो' म्हणायचं. तसं हे सगळ्याच घरांत म्हणतात. पण इतर ठिकाणी कुणाच्या तोंडून चुकून 'जातो' निघालं, तर कोणीतरी 'असं म्हणू नये रे' करतं आणि विषय तिथंच मिटतो. काकूंकडे तो मिटत नसे. 'जातो' म्हणणाऱ्याला चपला काढून परत आत यावं लागे, खुर्चीवर टेकावं लागे, पेलाभर पाणी प्यावं लागे आणि मग सगळं पहिल्यापासून. लेकीची शाळेची बस यात दोनदा चुकली होती. सिलिंडरवाल्यालासुद्धा काकूंनी एकदा असंच परत बोलावलं. तो बिचारा खांद्यावरचं रिकामं सिलिंडर खाली ठेवून पाणी प्यायला आणि "येतो हं मावशी" म्हणून निघाला. तेव्हापासून तो जिन्यातूनच "येतो, येतो" करत वर चढायचा, म्हणजे पुढची भानगडच नको.

काका या शिस्तीत पार मुरले होते. सकाळी चप्पल घालताना "येतो गं", संध्याकाळी चप्पल काढताना "आलो गं". काकू स्वयंपाकघरात असोत, शिलाई मशीनवर असोत की मोरीत. ऐकू जावो न जावो. एकदा काकू माहेरी गेल्या होत्या, तेव्हासुद्धा शेजारणीने त्या रिकाम्या घरातून "आलो गं" ऐकलं होतं.

अशा घरात एका दुपारी काका काम करत होते त्या मालिकेच्या शेवटच्या भागाची पानं आली. शेवटच्या पानावर, अगदी खाली, काकांची ओळ छापली होती –

वॉचमन (दारात थांबून) : जातो मी.

काकांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला. ओळ तीच होती.

काकूंनी मशीनचं चाक हाताने थांबवलं. "काय झालं?"

"काही नाही. शेवटचा भाग आलाय."

"मरताय का?"

"नाही गं. यात मरत नाही."

"मग चेहरा असा का केलाय?"

'मरताय का' हा प्रश्न त्या घरात 'जेवायला आहात का' इतकाच साधा होता. काका नट होते, आणि नटांमधलेही बहुतेक मध्यंतराच्या आत मरणारे. दिवसा एका मालगोदामाच्या कचेरीत कारकून आणि बोलावणं आलं की नट. त्यांचा चेहरा असा, की बघणाऱ्याला वाटावं, या माणसाला कुठंतरी पाहिलंय. बँकेत असेल, दवाखान्याच्या बाकावर असेल, लांबच्या नात्यातल्या लग्नात असेल. भीतीच्या, मारामारीच्या, कमी पैशांत घाईने उरकलेल्या सिनेमांना असा चेहरा हवाच असतो, कारण तो मेला की प्रेक्षकाला आपलंच कुणीतरी गेल्यासारखं वाटतं. काका कंपाउंडर झाले, लिफ्टमन झाले, दुसरा हवालदार झाले, काळ्या गाडीचा ड्रायव्हर झाले. एवढ्या वर्षांत त्यांच्या एकाही पात्राला नाव मिळालं नाही.

त्यांचं स्वतःचं नावही पडद्यावर कधी आलं नाही. नामावलीच्या तळाशी 'आणि इतर' असे, त्यात ते. सिनेमा संपून दिवे लागले आणि माणसं पिशव्या गोळा करू लागली, की काकू शेजारच्या बायकांच्या दंडाला धरून त्यांना बसवत. "थांबा जरा. यांचं यायचंय." नावं वर सरकत जात. शेवटी 'आणि इतर' आलं, की काकू मान हलवून म्हणत, "हं. चला आता."

नवऱ्याच्या कामाकडे त्यांचं बारीक लक्ष असे. पण आपल्या बाजूने. सुरुवातीला काका उजव्या कुशीवर कोसळत आणि प्रत्येक मरणात सदऱ्याचं उजवं कोपर फाटत असे. गरीब सिनेमांत कपडे नटाचेच असत. काकूंनी दोनचार सदरे रफू केले आणि मग सांगितलं, "आता जरा डावीकडे मरा." पुढे एका चाहत्याने काकांची सगळी मरणं एकाखाली एक जोडून संगणकावर टाकली आणि लिहिलं, की हा नट नेहमी हृदयाच्या बाजूला कोसळतो, हे फार सूचक आहे. काकूंना लेकीने ते वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "असेल बाई. मी उजव्या कोपराला जाड कापड लावलं होतं, ते वाचावं म्हणून सांगितलं होतं."

काकांना स्वतःला अभिमान होता तो वेगळ्याच कामाचा. टीव्हीवरच्या एका कौटुंबिक मालिकेत ते सासरे होते आणि जवळजवळ वर्षभर बेशुद्ध होते. बाकीचे नट त्यांच्या खाटेभोवती उभे राहून भांडत, रडत, इस्टेटीच्या गोष्टी करत आणि काका पडून. काकूंच्या गिऱ्हाइकांनी तेव्हा जीव नकोसा केला होता. ब्लाउजचं माप देता देता बायका विचारत, "मिस्टर कधी शुद्धीवर येणार हो तुमचे?" काकू मापाची टेप गळ्यात टाकून म्हणत, "घरी आल्यावर तरी कुठं येतात!" पण काका यावर हसत नसत. "बेशुद्ध पडणं सोपं नसतं," ते सांगत. "झोपलेल्या माणसाची पापणी हलते. मेलेल्याची हलत नाही. बेशुद्धाची हलू शकते, पण हलवायची नसते. लोकांनी सारखं वाट बघत राहिलं पाहिजे." त्या मालिकेत एकदा त्यांच्या नाकावर माशी बसली आणि आख्खं दृश्य संपेपर्यंत बसून राहिली. काका हलले नाहीत. कॅमेरामनने दृश्यानंतर येऊन त्यांच्या पायाला हात लावला होता.

लोकांनी मात्र त्यांना लक्षात ठेवलं ते चुकलेल्या ओळीसाठी.

तो सिनेमा भुताचा होता. ओसाड रेस्ट हाउस, त्यात उतरलेलं एक कुटुंब आणि काका वॉचमन. पंपघरातून आवाज येतो, वॉचमन बॅटरी उचलतो, दारात थांबतो आणि म्हणतो, "जातो मी. दार लावून घ्या." त्यानंतर तो सापडत नाही, सापडते ती त्याची बॅटरी. काकांना त्या सिनेमात एवढंच काम होतं. चित्रीकरण भर दुपारी, खिडक्यांना काळ्या चादरी ठोकून. दिग्दर्शकाला सगळे 'दाढी' म्हणत. दाढीकडे फिल्म इतकी कमी होती, की रीळ फिरू लागलं की तो श्वास रोखून बसे.

त्या दिवशी सकाळी काका उशीर झाला म्हणून धावतपळत घरातून निघाले आणि घाईत "जातो" म्हणून गेले. झालं. चपला काढा, आत या, बसा, पाणी प्या. काका गटागट पाणी प्यायले, "येतो, येतो, येतो गं बाई" म्हणाले आणि पळत सुटले. तेच तोंडात बसलं. दुपारी कॅमेरा सुरू झाला, काकांनी बॅटरी उचलली, दारात वळले आणि अगदी शांतपणे, घरच्यासारखं म्हणाले –

"येतो मी. दार लावून घ्या."

आणि गेले.

दाढीने डोक्याला हात लावला. "अरे, जातो! जातो! मरायला चाललाय तो, भाजी आणायला नाही!" पण फिल्म संपली होती. त्या दिवसाची संपली होती आणि, हिशेब केल्यावर कळलं, त्या दृश्यापुरती संपलीच होती. काका ओशाळून एका कोपऱ्यात उभे राहिले. संकलक म्हातारा होता, कानामागे पेन्सिल खोचून हिंडायचा. त्याने तो तुकडा पुन्हा पुन्हा फिरवून बघितला आणि दाढीला म्हणाला, "येतो म्हणालाय ना? मग आता लोक त्याची वाट बघणार. आणा त्याला."

म्हणून उरल्यासुरल्या फिल्मवर एक शेवट नव्याने घेतला. सकाळ झाली आहे, सगळं निवलं आहे, कुटुंब सामान बांधतं आहे. दारावर थाप पडते. घरातली लहान मुलगी जाऊन दार उघडते. दारात वॉचमन उभा. नखशिखांत भिजलेला, चेहऱ्यावर आज्ञाधारक हसू. तो काही बोलत नाही. सिनेमा तिथंच संपतो.

चित्रपटगृहातून तो आठवड्यात उतरला. मग कॅसेटच्या दुकानांतून फिरू लागला, मग होस्टेलच्या पोरांच्या हाती लागला, आणि हळूहळू असं झालं, की त्या पोरांची पोरंसुद्धा तो पाठ म्हणू लागली. कुठंही तो लावला आणि काकांनी बॅटरी उचलली, की सगळं थिएटर एका सुरात "येतो मी!" म्हणे. लोक कचेरीतून निघताना तसं म्हणू लागले. त्याचे टी-शर्ट निघाले, चहाचे मग निघाले. काकूंकडचा प्लंबर एकदा अर्धवट उघडलेला नळ तसाच सोडून, दारात काकांकडे बघून मुद्दाम "येतो मी" म्हणून गेला, तो खरोखरच परत आला नाही.

मुलाखतीला येणाऱ्यांना काका खरं तेच सांगत. "चुकलो होतो हो." ते सांगणं लोकांना विनय वाटे. काकू आतून ओरडत, "त्यांचं काही नाही त्यात! पाणी मी पाजलं होतं. निम्मा सिनेमा माझा आहे!"

लेकीला शाळेत याचा फार जाच झाला होता. पोरं तिच्या पाठीमागून दबक्या पावलांनी येऊन "येतो मी" म्हणत. तिने पाचवीपासून वर्गात सांगून टाकलं होतं, की बाबा गोदामात काम करतात, बस. ती मोठी झाली, एका कंपनीत लागली. तिथं एक नवीन मुलगा छातीवर काकांचा चेहरा छापलेला टी-शर्ट घालून आला. ती मग उठून त्याच्या टेबलाशी गेली आणि म्हणाली, "ते माझे बाबा आहेत." त्या दिवशी त्या मजल्यावर काही काम झालं नाही. संध्याकाळी तिने हे घरी फोनवर सांगितलं, तेव्हा काका नुसते "बरं, बरं" म्हणाले आणि फोन काकूंच्या हातात देऊन गॅलरीत जाऊन उभे राहिले.

आता काका साठी कधीच ओलांडलेले, गोदामातून निवृत्त, गुडघ्याला पट्टा. आणि एक दिवस एक तरुण मुलगी स्वतः जिना चढून घरी आली. दिग्दर्शिका होती. लहानपणी तो सिनेमा तिने सोफ्यामागे लपून पाहिला होता.

"काका, तुम्ही येतो म्हणाला होतात," ती बसता बसता म्हणाली. "आम्ही अजून वाट बघतोय."

तिला त्या सिनेमाची पुढची गोष्ट मालिका म्हणून करायची होती. दार उघडणारी ती लहान मुलगी आता मोठी बाई झाली आहे, ती रेस्ट हाउसवर परत येते, आणि वॉचमन अजून रोज संध्याकाळी दारात येऊन उभा राहतो. येतो म्हणाला होता म्हणून. शेवटच्या भागात ती त्याला सांगते, की आता नाही आलात तरी चालेल. आणि तो सुटतो.

"आणि नामावलीत," दिग्दर्शिका म्हणाली, "सगळ्यांच्या शेवटी, वेगळ्या पाटीवर, 'आणि' लिहून तुमचं नाव. एकट्याचं."

काकू दारातून ऐकत होत्या. "म्हणजे 'इतर' गेलं आणि 'आणि' राहिलं."

"हो काकू."

"मग करा हो तुम्ही," काकूंनी तिथूनच ठरवून टाकलं.

काकांनी केली. गुडघ्याचा पट्टा वॉचमनच्या पॅन्टखाली लपवून एकेक भाग केला, आणि मग ती शेवटची पानं आली, त्या शेवटच्या ओळीसकट.

वाचनाला सगळे नट गोल करून बसले होते. काकांची पाळी आली. त्यांनी पान समोर धरलं आणि म्हणाले, "येतो मी."

एकच हशा पिकला. टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं, काकांनी मुद्दाम गंमत केली. काका घाईने म्हणाले, "नाही, नाही, परत देतो." पान डोळ्यांजवळ आणलं. अक्षर दिसत होतं. तोंड उघडलं. "येतो मी."

या वेळी थोडे कमी हसले. तिसऱ्या वेळी फक्त एकजण हसला आणि त्यानेही पुढे खोकला काढला.

सहायक दिग्दर्शक चांगला मुलगा होता. तो काकांना सोडायला जिन्यापर्यंत आला. "टेन्शन घेऊ नका सर. नाहीच जमलं तर तेवढी ओळ डब करून घेऊ. तुमचा आवाज हुबेहूब काढणारी पोरं आहेत आपल्याकडे."

"हो, हो," काका म्हणाले. "आहेत, आहेत."

खाली येऊन ते शेवटच्या पायरीवर बसले. सर्दीत, तापात, एकदा तर दाढ काढून कापसाचा बोळा तोंडात असताना त्यांनी आपलं बोलणं आपणच बोललं होतं. कंपाउंडरचं एक वाक्य असो की हवालदाराची नुसती हाक. त्यांच्या तोंडातून दुसऱ्याचा आवाज कधी निघाला नव्हता. आणि आता, पहिल्यांदा नाव येणार तर शेवटचा शब्द कुणा पोराचा.

त्यांनी सराव करायचा ठरवलं. घरात करणं शक्यच नव्हतं. आरशासमोर "जा" एवढं निघालं, तेवढ्यात काकू हातात कैची घेऊन दारात. "कोण म्हणालं?"

"कामाचं आहे गं."

"काम बाहेर. घरात नको."

मग काका गच्चीवर जाऊ लागले. दुपारी तिथं कोणी नसे. पाण्याच्या टाकीसमोर उभं राहायचं, टाकीला ती मोठी झालेली मुलगी समजायचं आणि म्हणायचं. दहा वेळा म्हटलं तर नऊ वेळा 'येतो' आणि एकदा कसंबसं 'जातो'. पण ते 'जातो' असं, की जणू शेजारच्याने ढकलून काढलं. त्यात तोल नव्हता, वजन नव्हतं. काका टाकीकडे पाठ करून बघत, कठड्याशी उभं राहून बघत, खाली रस्त्याकडे बघून म्हणून बघत.

खालच्या मजल्यावरची नर्स ड्युटीवरून येऊन कपडे वाळत घालायला वर गेली. तिने बघितलं ते हे : काका कठड्याला धरून, खाली बघत, घोगऱ्या आवाजात म्हणतायत, "जातो मी... जातो मी..."

नर्सने ओल्या कपड्यांची बादली तिथंच टाकली आणि मागून येऊन काकांना कमरेला घट्ट मिठी मारली. "काका! काय झालं तरी काय! माझ्याशी बोला! सगळ्याला उपाय असतो!"

"अगं सोड! गुडघा! गुडघा माझा!"

"नाही सोडणार! काकूंचा विचार करा जरा!"

आरडाओरडा ऐकून काकू वर आल्या, मागून दोन मजल्यांची माणसं. सगळा उलगडा व्हायला वेळ लागला. नर्सला पटेना, तिने काकांची नाडी बघितली, डोळ्यांखालची कातडी ओढून बघितली, आणि मग टाकीशी टेकून ती रडता रडता हसायला लागली. "मेले असते मी घाबरून. अहो, निदान येतो तरी म्हणायचं होतं!"

"तेच तर येतंय ना," काका म्हणाले.

घरी आल्यावर काकूंनी त्यांच्या गुडघ्याला शेक दिला. पिशवी धरून ठेवत विचारलं, "आता खरं काय ते सांगा. एका शब्दासाठी कोणी असं गच्चीवर कोकलत नाही."

"दुसऱ्याचा आवाज लावणार आहेत. त्या ओळीला."

"कुणाचा?"

"असेल कुणी पोरगा."

"तुमच्या तोंडात?"

"हो."

काकू उठून मशीनवर गेल्या, अर्धवट शिवलेली बाही उचलली, दातांनी दोरा तोडला, परत ठेवली. लग्न झाल्यापासून पाळलेली गोष्ट होती. त्या उंबऱ्यावर त्यांनी कुणाला सूट दिली नव्हती.

"म्हणा," त्या म्हणाल्या.

"काय?"

"तेच. इथं, माझ्यासमोर म्हणा. मी काही बोलणार नाही."

काका उठले. दाराशी गेले. वळले. बायकोकडे बघितलं. "ज..." म्हणाले, आणि मग, "येतो."

मग काका म्हणाले, "पाणी पिऊ का?" आणि काकूंना हसू फुटलं. हसता हसता त्यांनी डोळे पुसले आणि एकदम विचारलं, "त्या दारातून तुम्ही जाता कुठं?"

"कुठल्या दारातून?"

"सिनेमातल्या. जातो म्हणून दार ओढून घेता, मग पलीकडे काय आहे?"

"पलीकडे कुठं काय! सेट संपतो. प्लायवूडची मागची बाजू, वायरी, एक पंखा."

"मग मी तिथं बसते."

"तू तिथं बसून काय करणार?"

"मी काय करायचं? तुम्ही करायचं. त्यांच्याकडून जायचं, माझ्याकडे यायचं." काकूंनी बाही परत मशीनखाली घातली. "त्यांना काय हवं ते म्हणा. पलीकडे मी आहेच."

चित्रीकरणाच्या दिवशी काकू चांगली साडी नेसून, पर्समध्ये चष्मा आणि पाण्याची बाटली घेऊन गेल्या. दिग्दर्शिकेने त्यांना प्लायवूडच्या भिंतीमागे खुर्ची दिली. "काकू, फक्त खोकू नका."

"मी अशी खोकत नाही."

तिथं ताज्या रंगाचा वास होता आणि जमिनीवर वायरींचं जाळं. दाराच्या या बाजूला नुसत्या लाकडी पट्ट्या आणि खिळ्यांची टोकं. हेच दार त्या बाजूने जुनं, ओल खाल्लेलं दिसत होतं. पंखा बंद केला. कोणीतरी शांत राहायला सांगितलं. मग एवढ्या माणसांच्या त्या जागेत असा सन्नाटा झाला, की काकूंना स्वतःच्या बांगड्या धरून ठेवाव्या लागल्या.

पट्ट्यांच्या फटीतून आवाज येत होता. ती मोठी झालेली मुलगी म्हणाली, की आता नाही आलात तरी चालेल. काकांच्या बुटांचा आवाज दाराकडे आला. थांबला. बराच वेळ थांबला. काकूंना ठाऊक होतं, आता ते वळले असतील.

"जातो मी."

कुणी ढकललं नव्हतं, ओढलं नव्हतं. दिवसभराचं काम आटोपून, हात धुऊन माणूस म्हणेल तसं. काकू खुर्चीवरून अर्ध्या उठल्या. 'आत या, बसा' इतकं त्यांच्या ओठांपर्यंत आलं होतं. त्यांनी पदर तोंडात धरला.

दार उघडलं. वॉचमनचा कोट घातलेले काका पलीकडच्या उजेडातून आत आले, मागे हात नेऊन दार ओढून घेतलं. काळोखात समोर बायको दिसली. त्यांचा हात आपसूक बुटाच्या नाडीकडे गेला आणि ते वाकून हळूच म्हणाले, "आलो गं."

पलीकडे अजून कुणी "कट" म्हटलं नव्हतं. म्हटलं ते जरा उशिराने, आणि टाळ्या काही पडल्या नाहीत. काका दार ढकलून घाईने बाहेर आले. "चुकलं का? परत देतो."

साउंडवाल्याने हात वर केला होता. एका हाताने हेडफोन कानावर दाबून धरला होता. त्याने तो काढून दिग्दर्शिकेच्या कानाला लावला आणि रेकॉर्डिंग मागे नेलं. तिने एकदा ऐकलं. परत ऐकलं. मग तिने विचारलं, "काका, दार लावल्यावर काय म्हणालात?"

काकांचा हात कॉलरकडे गेला. तिथला बारीक माइक ते पार विसरले होते. "ते होय. ते घरचं आहे. सवय. काढून टाका."

"काढून टाकू?" ती म्हणाली. तिने भिंतीमागे वाकून बघितलं. काकू खुर्चीवर ताठ बसल्या होत्या.

"मी खोकले नाही हं," काकू म्हणाल्या.

शेवटचा भाग लागला त्या संध्याकाळी काकांचं घर भरून गेलं. लेक आणि जावई, नर्स, वरचे, खालचे, आणि दाराशी उभा राहून सिलिंडरवाला. वॉचमन दारात वळला. "जातो मी," म्हणाला. आणि खोलीतल्या अर्ध्या माणसांनी नकळत काकूंकडे बघितलं. दार लागलं. पडदा काळा झाला. संगीत नाही, काही नाही. नर्स "संपलं?" म्हणायला आणि त्या काळोखातून आवाज यायला एकच गाठ पडली.

"आलो गं."

लेकीने तोंडावर हात ठेवला. जावयाच्या हातावर काटा आला, त्याने तो सगळ्यांना दाखवला. सिलिंडरवाला म्हणाला, "बाप रे, मावशी!" मोबाइल वाजू लागले. बाहेर, समोरच्या इमारतीत, कुणीतरी जोरात किंचाळलं आणि मग हसलं. काका खुर्चीत मान खाली घालून गुडघ्याचा पट्टा सैल करत होते. पण कान लाल झाले होते.

"पण हे म्हणतात कुणाला?" नर्सने विचारलं. "भुताची बायको असते का आत? की घराला म्हणतो तो?" लोक उठू लागले, चपला शोधू लागले.

"बसा सगळे," काकू म्हणाल्या. "यांचं यायचंय."

सगळे होते तिथं बसले. नावं सरकत गेली. मग पडदा मोकळा झाला, एकटं 'आणि' आलं, त्याच्या खाली काकांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. काकूंनी ते सावकाश, मनातल्या मनात वाचलं आणि पूर्वी 'इतर' बघून हलवत तशीच मान हलवली.

"हं," त्या म्हणाल्या आणि नर्सकडे वळल्या. "काय विचारत होतीस? कुणाला म्हणजे? मला."